गल्ली रिकामी झाली, जोखीम गेली कुठे?

मुंबई सेंट्रल स्थानकातून पूर्वेला चालत निघाले की थोड्याच वेळात कमाठीपुरा लागतो. तेलंगणातून बांधकामावर मजुरीला आलेल्या कामाठ्यांची ही जुनी वस्ती पुढे सगळ्या देशात दुसऱ्याच कारणासाठी ओळखली गेली. शेजारचा फॉकलंड रोड, म्हणजे कागदोपत्री पठ्ठे बापूराव मार्ग, तिथल्या ‘पिंजऱ्यां’मुळे कुप्रसिद्ध होता. आज या गल्ल्यांत छोटे कारखाने, गोदामे, भाड्याच्या खोल्या वाढल्या आहेत आणि पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. धंदा करणाऱ्या बायांची संख्या पूर्वीच्या मानाने फारच थोडी उरली आहे. ‘बरे झाले, एकदाची पीडा गेली,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

पीडा गेली की पांगली, हा प्रश्न मात्र शहराच्या आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. धंदा भिवंडीला गेला, तुर्भ्याला गेला, मालवणीच्या खोल्यांत, हायवेवरच्या लॉजमध्ये आणि सर्वांत जास्त मोबाइलमध्ये गेला. एचआयव्ही रोखण्याची आपली सगळी यंत्रणा ज्या गल्लीच्या पत्त्यावर उभी राहिली, तो पत्ताच सरकला. शहरात हा रोग आटोक्यात ठेवण्याचे काम मुळात जोखमीतल्या माणसाचा ठावठिकाणा माहीत असण्याचे आणि त्याच्याकडे पुन:पुन्हा जाण्याचे काम आहे. गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत जे साधले ते या एका गोष्टीमुळे, आणि जिथे फसले तिथेही हीच गोष्ट सुटली होती.

जोखमीचे गणित

भारतात आज सुमारे पंचवीस लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. प्रौढ लोकसंख्येशी प्रमाण काढले तर ते ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन. पण हे दोन सगळीकडे सारखे विखुरलेले नाहीत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नाकोच्या, २०२१ च्या पाहणीत वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांच्या किंचित खाली होते. पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते तीन टक्क्यांच्या वर, हिजडा व अन्य तृतीयपंथीयांमध्ये चारच्या जवळ, आणि सुईने नशा करणाऱ्यांमध्ये नऊ टक्क्यांच्या आसपास होते. सरकारी भाषेत हे चार ‘अतिजोखमीचे गट’.

असे का, याचे उत्तर विषाणूच्या वाटांमध्ये आहे. बाधित व्यक्तीशी संबंध आला आणि कसलेही संरक्षण नसले, तर लागण होण्याची शक्यता प्रत्येक वाटेने वेगळी असते. योनीसंबंधात स्त्रीला ती दहा हजारांत सरासरी आठ. एकच सुई दोघांनी वापरली तर दहा हजारांत ६३. गुदसंबंधात स्वीकारणाऱ्या जोडीदाराला दहा हजारांत १३८. कारण सरळ आहे: गुदमार्गाचे अस्तर पातळ असते, पटकन फाटते, आणि सुईतून तर दुसऱ्याचे रक्त थेट आपल्या रक्तातच येते.

दहा हजारांत आठ हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण दिवसाला चार गिऱ्हाइके आणि महिन्याला पंचवीस दिवस काम धरले तर वर्षाला बाराशे संबंध होतात. समजा, शंभरातल्या पाच गिऱ्हाइकांना लागण आहे. मग वर्षाला साठ संबंध बाधित माणसाशी झाले. निरोध नसेल तर वर्षभरात शंभरातल्या जवळजवळ पाच बायांना लागण होईल, पुढच्या वर्षी आणखी पाच जणींना. गरमी किंवा परम्यासारखा गुप्तरोग असला, जननेंद्रियावर व्रण असला, तर हा आकडा कितीतरी वाढतो. नव्याने लागण झालेल्या माणसाच्या रक्तात पहिले काही आठवडे विषाणू प्रचंड असतो आणि त्याला मात्र फार तर साधा ताप येऊन गेल्यासारखे वाटते. तपासणीतही तो सुरुवातीला सापडतोच असे नाही.

या गणितात हात घालण्याच्या जागा तीनच आहेत. एक, प्रत्येक संबंधातली लागणीची शक्यता. दोन, संबंधांची संख्या. तीन, बाधित माणूस इतरांना लागण देऊ शकतो तो काळ. दुसरी जागा उपदेशाने बदलत नाही, कारण तिथे पोटाचा प्रश्न असतो. म्हणून निरोध, स्वच्छ सुई आणि गुप्तरोगांवर उपचार हे पहिल्या जागी काम करतात. तपासणी आणि औषध तिसऱ्या जागी. पाण्याच्या लायनीला गळती लागली की पाना गळतीच्या जागी लावावा लागतो, तसाच हा खर्च थोड्या लोकांवर केला तरी फायदा सगळ्या शहराला होतो.

गळती शहरातच थांबत नाही, हेही मुंबईने पाहिले आहे. ट्रकचालक आणि गाव सोडून आलेले कामगार यांना या कार्यक्रमात ‘पूल’ मानले जाते. साताऱ्याकडचा माथाडी कामगार, बिहारहून आलेला बांधकाम मजूर, ट्रक टर्मिनलवर दोन दोन दिवस माल उतरण्याची वाट पाहणारा चालक, हे सगळे कधीतरी घरी जातात. गावातल्या बायकोच्या वाट्याला आलेली जोखीम एवढीच, की तिचे लग्न झालेले असते.

कोंडून ठेवण्याचा काळ

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासले आणि त्यांतले काही बाधित निघाले. तिथून पुढची काही वर्षे या रोगाबद्दलचे धोरण भीतीच्या हाती होते.

गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले आणि त्यात त्याला एचआयव्ही असल्याचे निघाले. त्या वेळच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधिताला वेगळे कोंडून ठेवण्याची तरतूद होती. पोलिसांनी त्याला उचलले आणि म्हापशाच्या वापरात नसलेल्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस ठेवले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. सुटल्यावर डिसोझा यांनी बाधितांसाठी संघटना उभारली आणि १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. एकाला कोंडल्यामुळे दुसरा कोणी तपासणीला पुढे येणार नाही, हे साधे तर्कशास्त्र तेव्हाच्या कायद्याला सुचले नव्हते.

मुंबईत छाप्यांचे सत्र होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये कमाठीपुऱ्यात आणि आसपास मोठे छापे पडले आणि चारशेहून अधिक मुली-बायांना सुधारगृहांत नेले. त्यांत बऱ्याच जणी नेपाळच्या होत्या. अल्पवयीन मुलींना सोडवायलाच हवे होते, त्यात वाद नाही. पण एवढ्या जणींना ठेवायला सुधारगृहे पुरेशी नव्हती, आणि मागे राहिलेल्या शेकडो बाया ओळखीची जागा सोडून मिळेल तिथे पांगल्या. नव्या जागी नवी घरवाली, म्हणजे कोठ्याची मालकीण, नवे कर्ज आणि नवी लाचारी. निरोधाचा आग्रह धरण्याची ताकद कमावलेली बाई तिथे पुन्हा पहिल्या पायरीवर येते. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या धंद्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया बाधित असल्याचे पाहण्यांत दिसत होते.

त्याच दशकात कोलकात्याच्या सोनागाछीत वेगळे घडत होते. १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना तिथे अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेतर्फे गुप्तरोग आणि एचआयव्ही यांच्या प्रतिबंधासाठी गेले. नियमित निरोध वापरणाऱ्या बाया तेव्हा शंभरात तीनच्या आसपास होत्या. निरोध का वापरत नाही, असे विचारल्यावर जी उत्तरे आली ती आरोग्याची नव्हती. गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. मालकीण मारते. पोलीस पकडतो. सावकाराचा हप्ता चुकतो. त्यामुळे कामही तिथूनच सुरू झाले. बायांनाच कार्यकर्त्या केले, १९९५ मध्ये त्यांची दुर्बार महिला समन्वय समिती झाली आणि त्याच वर्षी ‘उषा’ ही त्यांची स्वतःची पतसंस्था निघाली. सावकाराच्या तावडीतून सुटलेली बाई निरोध न वापरणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवू शकते. आणि गल्लीतल्या सगळ्याच जणींनी एकच अट घातली, तर त्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला जागा उरत नाही. दशक संपताना तिथे बाधितांचे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास राहिले, मुंबईच्या कितीतरी खाली.

महाराष्ट्रातही हे काम त्याच सुमारास सांगलीत सुरू झाले. मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘संग्राम’ ही संस्था १९९२ ची. गोकुळनगरातल्या बायांनी निरोधवाटप स्वतःकडे घेतले आणि पुढे ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ म्हणून स्वतःची संघटना बांधली. आम्हाला वाचवायला येऊ नका, आमच्याशी बोला, ही त्यांची भूमिका होती. सरकारी अधिकाऱ्यांना ती पचायला वेळ लागला. पण नाकोच्या पुढच्या आराखड्यांत समाजातल्याच व्यक्तीकडून काम करून घेण्याची पद्धत देशभर रुजली.

पीअर काय करते

मुंबईत हे काम मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था १९९८ पासून पाहते. तिचे कार्यालय वडाळ्याला अॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात आहे. संस्था पैसा, निरोध, तपासणीचे साहित्य पुरवते. प्रत्यक्ष काम स्वयंसेवी संस्थांचे ‘टीआय’, म्हणजे अतिजोखमीच्या गटांसाठीचे, प्रकल्प करतात. त्यांतली सर्वांत खालची आणि सर्वांत मोलाची व्यक्ती म्हणजे पीअर. धंद्यातल्या किंवा धंदा सोडलेल्या बाईकडे साधारण साठ बायांची जबाबदारी असते. नशेच्या प्रकल्पात एका पीअरमागे चाळीस.

पीअरचे काम दुपारी सुरू होते, कारण सकाळी वस्ती झोपलेली असते. खांद्यावरच्या पिशवीत निरोधाची पाकिटे, लाकडी मॉडेल आणि घडी घालून मऊ पडलेला तक्ता. त्या तक्त्यावर तिच्या साठ जणींची माहिती असते: कोण नवी आली, कोणाकडे आठवड्याला किती गिऱ्हाइके येतात, कोण दारू पिऊन बसते, कोणाची तपासणी राहिली. आठवड्याला चाळीस गिऱ्हाइके असणाऱ्या बाईला वीस निरोध देऊन भागत नाही, म्हणून वाटप गरजेनुसार होते. लिहिता न येणाऱ्या पीअरसाठी चित्रांच्या खुणा असतात.

नवीन मुलगी असली की मॉडेल बाहेर निघते. पाकिटावरची तारीख बघायची. बोटाने दाबून आत हवा आहे ना ते बघायचे. हवा नसेल तर पाकीट फुटलेले. दाताने फाडायचे नाही, कडेने फाडायचे. टोक चिमटीत धरून शेवटपर्यंत उलगडायचे. मग पीअर तिला मॉडेल देते आणि ‘आता तू कर’ म्हणते. पहिल्यांदा हसू येते, मुलगी टोक धरायला विसरते, पीअर पुन्हा करायला लावते. गिऱ्हाईक दारू प्यालेले असेल तर काय बोलायचे, जास्त पैसे देऊ करत असेल तर काय, याचीही तालीम होते. डॉक्टरला हे शिकवता येणार नाही, कारण ती वेळ त्याच्यावर कधी आलेली नसते.

एक गाठ मात्र पीअरलाही सहज सुटत नाही. गिऱ्हाइकाकडे निरोधाचा हट्ट धरणारी बाई, ज्याला ती आपला माणूस मानते त्याच्यापाशी तो विषय काढत नाही. निरोध म्हणजे धंदा, आणि निरोध नाही म्हणजे संसार, अशी ही विभागणी आहे. त्यामुळे अनेकींना लागण गिऱ्हाइकाकडून न होता या माणसाकडून होते. म्हणूनच निरोधाच्या जोडीला दर तीन महिन्यांनी डॉक्टरी तपासणी आणि दर सहा महिन्यांनी एचआयव्ही व गरमीची चाचणी ठेवलेली असते. बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर प्राथमिक निदान वस्तीतच होते; पक्के निदान सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात. पीअर तिथपर्यंत सोबत जाते. बऱ्याचदा तपासणी झाली की नाही, हे या सोबतीवर ठरते.

गर्दचा हिशेब

सुईने नशा करणाऱ्यांची कहाणी आणखी बिकट आहे. मुंबईत ब्राउन शुगरला गर्द म्हणतात आणि ती घेणाऱ्याला गर्दुल्ला. हा शब्दच शिवी झाला आहे. पन्नीवर धूर ओढणारा माणूस पैसे पुरेनासे झाले की सुईवर येतो, कारण तेवढ्याच मालात नशा जास्त चढते. सिरिंज महाग नसते. तरी ती वाटून घेतली जाते, कारण एकाच मालात दोघा-तिघांचा पैसा असतो, हातपाय थरथरत असतात, आणि खिशात सिरिंज सापडली तर पोलीस धरतील अशी धास्ती असते.

इथला उपाय पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खटकतो: नव्या सुया फुकट द्यायच्या. कार्यकर्ता उड्डाणपुलाखाली, रुळांच्या कडेला ठरलेल्या वेळी जातो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात जमा करून घेतो, नव्या देतो, हाता-पायाला झालेल्या गळवांवर मलमपट्टी करतो. यामुळे नशा वाढते, ही भीती जगभरच्या अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उलट मलमपट्टीच्या निमित्ताने हा माणूस वर्षांनंतर पहिल्यांदा कुणाशी तरी बोलतो आणि त्यातून पुढच्या उपचाराची वाट निघते. मुंबईत एल्ड्रेड टेलिस यांच्या ‘संकल्प’ संस्थेने नव्वदच्या दशकापासून हे काम उभे केले.

पुढची पायरी म्हणजे पर्यायी औषध. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज केंद्रावर येऊन घ्यायची. परिचारिका ती चुरून जिभेखाली ठेवायला देते आणि विरघळेपर्यंत समोर बसवते; मग तोंड उघडून दाखवायचे, कारण गोळी बाहेर नेऊन विकली जाऊ शकते. गोळी मेंदूतल्या त्याच ठिकाणांवर बसते जिथे हेरॉइन बसते, त्यामुळे तलफ आणि अंगदुखी थांबते, पण तशी झिंग चढत नाही. माणूस हमालीला, भंगार गोळा करायला, कधी घरीही परत जाऊ लागतो. सुई सुटली की एचआयव्हीबरोबर हेपॅटायटिस सीची वाटही बंद होते.

कायद्याची दोन तोंडे

पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यापर्यंत पोहोचताना आडवा येत होता तो कायदा. कलम ३७७ मुळे असा संबंध गुन्हा होता, आणि ज्याला आपण कोण हे सांगायचीच चोरी, तो तपासणीला कसा येणार? २००१ मध्ये लखनौत या गटात एड्सबद्दल जागृती करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच याच कलमाखाली अटक झाली होती. मुंबईत अशोक राव कवी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट सुरू केला आणि त्याला सांताक्रूझजवळ वाकोल्याला महापालिकेच्याच इमारतीत जागा मिळाली. एकीकडे कायदा गुन्हेगार म्हणतो आणि दुसरीकडे महापालिका जागा देते, असा तो काळ.

तृतीयपंथीयांमध्ये पत्ता घराण्याचा असतो. गुरूने नाही म्हटले तर चेला दवाखान्यात येत नाही. गुरूने एकदा ‘जा’ म्हटले की दहा जणी येतात. म्हणून तिथले काम गुरूच्या घरी चहा घेण्यापासून सुरू होते. त्यांची अडचणही वेगळी. रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचे की बायकांच्या, यावर तासभर वाद झाला की त्या उठून निघून जातात.

कायदा हळूहळू वळला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ गळून पडले. त्याच महिन्यात एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायदा, २०१७ अमलात आला. संमतीशिवाय चाचणी करायची नाही, निदान गुप्त ठेवायचे, नोकरी-शाळा-उपचार यांत भेदभाव करायचा नाही, हे त्यातले ठळक मुद्दे. त्याचे कलम २२ मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. जोखीम कमी करण्यासाठी निरोध किंवा स्वच्छ सुया देणे, त्याची माहिती देणे, हा कुठल्याही कायद्याखाली गुन्हा ठरणार नाही, असे ते सांगते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात निरोध जवळ असणे हा वेश्याव्यवसायाचा पुरावा मानू नये, असेही बजावले. निरोध पुरावा ठरू लागला की बाई तो जवळ ठेवत नाही. एवढी साधी गोष्ट न्यायालयाला लिहून द्यावी लागली.

गोळी हाही प्रतिबंधच

२००४ मध्ये सरकारने विषाणूविरोधी औषधे, म्हणजे एआरटी, मोफत द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयापासून. तेव्हा त्याकडे केवळ रुग्णाचा जीव वाचवणारा उपचार म्हणून पाहिले जाई. २०११ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने हे चित्र पालटले. एक जोडीदार बाधित आणि दुसरा निरोगी अशा १,७६३ जोडप्यांच्या या अभ्यासात पुण्याच्या भोसरीतली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, सहभागी होती. बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केले तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. पुढच्या अभ्यासांनी आणखी स्पष्ट केले: औषध नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही.

वर सांगितलेल्या गणितातली तिसरी जागा इथे हाताला लागली. २०१७ पासून भारतात निदान झाले की रक्तातल्या रोगप्रतिकारक (सीडी४) पेशींची संख्या कितीही असो, औषध लगेच सुरू होते. आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. धंद्यातली बाई ती गोळी रोज घेते आहे ना, हे पुन्हा तिची पीअरच पाहते.

निरोगी माणसासाठीही औषध आहे. जोखमीचा प्रसंग घडला तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचा एक कोर्स असतो. जितका लवकर तितका बरा. सतत जोखमीत असणाऱ्यांसाठी ‘प्रेप’ ही रोजची गोळी आहे. तिचे प्रयोग सोनागाछीत आणि म्हैसूरमध्ये तिथल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या संघटनांनीच चालवले आणि नाकोने २०२२ मध्ये तिच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याहून मोठी बातमी २०२४ ची: लेनाकापाविर हे सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. ते स्वस्तात बनवण्याचा परवाना मिळालेल्या कंपन्यांत पुण्याची एमक्युअरही आहे. रोजची गोळी पर्समध्ये सापडली तर घरवाली, नवरा किंवा रूम पार्टनर प्रश्न विचारतो. वर्षातून दोन इंजेक्शनांना ती अडचण नाही.

पत्ता मोबाइलमध्ये

इतकी साधने हाती असताना आता अडते कुठे? पोहोचण्यात. गल्लीत एका मजल्यावर वीस बाया भेटत. आता एकीला भेटायला पीअरला दोन लोकल बदलाव्या लागतात, आणि ती लॉजच्या कुठल्या खोलीत आहे हे दलाल सांगत नाही. गिऱ्हाईक फोनवर ठरते. अनेक जणी महिन्यातले काही दिवसच धंदा करतात. बाकीचे दिवस घरकाम, केटरिंग, ब्यूटी पार्लर. त्या स्वतःला धंद्यातल्या मानतच नाहीत, मग आपल्याला जोखीम आहे हे तरी का मानतील? पुरुषांच्या बाबतीत बागा आणि स्थानकांवरच्या भेटी डेटिंग अॅपवर गेल्या. तिथे दोन किलोमीटरच्या परिघात पन्नास जण दिसतात, पण खरे नाव एकाचेही नसते.

नाकोच्या पाचव्या टप्प्यात, २०२१ पासून, याचा विचार सुरू झाला आहे. कार्यकर्ते अॅपवर स्वतःच्या संस्थेच्या ओळखीने प्रोफाइल ठेवतात, गप्पांत निरोधाचा आणि चाचणीचा विषय काढतात, सोयीच्या वेळेचे केंद्र सुचवतात. गट कोणता हे न विचारता जोखमीत असलेल्या कोणालाही सेवा देणारी ‘संपूर्ण सुरक्षा केंद्रे’ निघाली आहेत. १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. मात्र फोनवरची ओळख गल्लीतल्या ओळखीइतकी टिकाऊ नसते. एक स्क्रीनशॉट घरी पोहोचला तर माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते, खंडणी मागणाऱ्या टोळ्याही याच अॅपवर आहेत. म्हणून नाव नोंदवून घेण्यापूर्वी विश्वास कमवावा लागतो, आणि नोंदवलेले नाव पोलिसांच्या किंवा घरमालकाच्या हाती जाणार नाही याची हमी पाळावी लागते.

नोंदवलेल्या नावांच्या या यादीची किंमत कोविडच्या काळात कळली. टाळेबंदीत धंदा एका दिवसात बंद झाला. रेशनकार्ड नाही, भाडे थकलेले, गाव तोडलेले. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नाकोकडे नोंद असलेल्या बायांना ओळखपत्र न मागता धान्य द्या. महाराष्ट्राने पुढे तीन महिन्यांसाठी दरमहा पाच हजार रुपये दिले, शाळेत जाणारी मुले असलेल्यांना अडीच हजार जास्त. रोग रोखण्यासाठी केलेली यादी माणूस असल्याचा दाखला म्हणून उपयोगी पडली. आणि जिचे नाव कोणत्याच प्रकल्पात नव्हते, ती तेव्हाही बाहेरच राहिली.

२०१० च्या तुलनेत भारतातली नवी लागण २०२३ पर्यंत ४४ टक्क्यांनी घटली आणि २०३० पर्यंत एड्स हा सार्वजनिक धोका राहू नये असे उद्दिष्ट आहे. शेवटचा टप्पा महाग असतो. बाधित कमी झाले की एकेकाला शोधायला जास्त माणसे, जास्त फेऱ्या लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी अंदाजपत्रक करणाऱ्याला वाटते की आता एवढे पीअर कशाला. वस्ती उठवायची असेल तर तिथला दवाखाना आणि पीअर आधी नव्या ठिकाणी हलले पाहिजेत. पोलीस ठाण्यातल्या नव्या शिपायाला कलम २२ माहीत असले पाहिजे. आणि पालिकेच्या दवाखान्यात गुदद्वाराच्या जखमेची तक्रार घेऊन आलेल्या पोराला केसपेपर काढणाऱ्याने ‘लग्न झालंय का?’ असे सगळ्यांसमोर विचारता कामा नये. तो पोरगा उठून गेला तर त्याची चाचणी, त्याचे औषध आणि त्याच्यामुळे सापडू शकले असते ते पुढचे दोघे-तिघे, सगळेच त्याच्याबरोबर निघून जातात.